ध्यान हवे, पण यम-नियमांना रजा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केल्यापासून आपल्या भागातही त्या निमित्ताने शाळा, महाविद्यालये आणि मंगल कार्यालयांत सामूहिक ध्यानाचे कार्यक्रम होऊ लागले आहेत, आणि त्यांच्या बातम्या व जाहिराती आपल्या अंकात वाचायला मिळतात. माणसे घटकाभर मोबाइल बाजूला ठेवून स्वस्थ बसतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि या बातम्यांतून, आणि विशेषतः जाहिरातींतून, एक समज पक्का होत चालला आहे: ध्यान हे मन शुद्ध करण्याचे स्वयंपूर्ण साधन आहे, ते शिबिरात शिकता येते, आणि ठरावीक दिवस केले की आत्मसाक्षात्कार पदरात पडतो. हा समज ज्या परंपरेच्या नावावर खपवला जातो, त्या परंपरेलाच तो मान्य नाही. तेवढे सविस्तर मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची जी आठ अंगे क्रमाने दिली आहेत, त्यांत ध्यानाचा क्रमांक सातवा लागतो. त्याआधी यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार आणि धारणा येतात. यांपैकी पहिली दोन अंगे, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य व अपरिग्रह (साठा न करणे) हे पाच यम आणि शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम, डोळे मिटून करण्याची नाहीतच; त्यांतली बरीचशी दुकानात, मळ्यात, कचेरीत आणि घरात, चार माणसांशी वागतानाच पाळावी लागतात. शिबिरांची पत्रके वाचावीत तर सुरुवात तिसऱ्या अंगापासून होते, काही ठिकाणी थेट सातव्यापासून. काट्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा टेबलाखालून पाकीट घेणाऱ्या कारकुनाला तिथे अस्तेय हा शब्दही ऐकावा लागत नाही. आयोजकांची अडचण मी समजू शकतो. अस्तेयाचे शिबिर जाहीर केले तर मांडव रिकामा राहील.

साधनपादातील, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या प्रकरणातील, ४१ वे सूत्र या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शौचाचे फळ सांगताना पतंजली तिथे पाच गोष्टी ओळीने मांडतात. प्रथम सत्त्वशुद्धी, म्हणजे चित्ताची निर्मळता, मग सौमनस्य, म्हणजे मनाची प्रसन्नता, त्यानंतर एकाग्रता, त्यानंतर इंद्रियजय, आणि सर्वांत शेवटी आत्मदर्शनाची योग्यता. या ओळीत शुद्धी आधी आहे आणि एकाग्रता तिसरी. आज मात्र सर्रास उलटे सांगितले जाते की आधी एकाग्र व्हा, मन आपोआप शुद्ध होईल. नुसती एकाग्रता तर नेम धरून बसलेल्या शिकाऱ्यालाही साधते, कदाचित साधकापेक्षा अधिक साधते. शिवाय पतंजली शेवटी थांबतात ते 'योग्यता' या शब्दावर. शुद्ध झालेले चित्त आत्मदर्शनाला पात्र होते, इतकेच ते म्हणतात. अमुक दिवसांत दर्शन घडेल अशी हमी त्यांनी कोणालाही दिलेली नाही.

वेदान्ताच्या पाठात हीच गोष्ट आणखी नेमकेपणाने शिकवली जाते. चित्ताचे दोष तीन: मल, विक्षेप आणि आवरण. रागद्वेष आणि वासना यांचा साठा म्हणजे मल, आणि तो फळाची अपेक्षा सोडून केलेल्या कर्माने झिजतो. मनाचे भटकणे म्हणजे विक्षेप, आणि त्यावर उपासना व ध्यान हा उपाय सांगितला आहे. आपण कोण याविषयीचे अज्ञान म्हणजे आवरण, आणि ते ज्ञानाखेरीज कशानेही हटत नाही. या हिशेबाने ध्यानाकडे मधले काम आले. मग मल धुण्यात त्याचा काहीच वाटा नाही का? आहे, आणि तो मोठा आहे, कारण एरवी न दिसणारा मल ध्यानात बसल्यावर स्वच्छ दिसू लागतो.

हे दिसणे कसे असते ते थोडे जवळून पाहू. आमच्या केळीच्या पट्ट्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, म्हणून मोटार सुरू करायला मळ्यात गेलेला माणूस पहाटे घरी येतो, हातपाय धुतो आणि ओसरीवर घोंगडी टाकून बसतो. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुड्यांशी आत-बाहेर होणाऱ्या श्वासावर. दहा-बारा श्वास बरे जातात. मग बऱ्हाणपूरच्या बाजारात आज केळीला काय भाव निघेल, हा विचार येतो. तो साधा विचार असतो; श्वासाकडे परतले की विरून जातो. त्यानंतर मात्र बांध येतो. शेजाऱ्याने नांगरताना दोन ओळी आत सरकवलेला बांध, त्यावरून झालेली बोलाचाली, त्या वेळी आपण काय सुनवायला हवे होते याची नवनवी वाक्ये. श्वास आखूड होतो, जबडा आवळला जातो, पोटात गाठ पडल्यासारखे वाटते आणि मधला वेळ कुठे गेला ते कळत नाही. भावाचा विचार हा विक्षेप होता आणि बांधाचा हा मल आहे. पहिल्याला श्वासाकडे परतणे पुरते. दुसरा उद्याही येणार, परवाही येणार, कारण त्याचे मूळ ओसरीवर नसून शेतात आहे. तो खरोखर निपटायचा तर मोजणी करून घ्यावी लागेल, आपलेच पाऊल पुढे गेले असेल तर ते मागे घ्यावे लागेल, आणि सकाळी शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोन शब्द बोलावे लागतील. हे कोणीही शिबिरात करवून घेत नाही. मनाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात बहिणाबाईंच्या उभ्या पिकातल्या ढोराची आठवण कोणीतरी काढतेच, आणि ती आठवण रास्तच आहे; फक्त ढोर पुन्हा पुन्हा हाकलणे हा अभ्यास झाला, कुंपण घालणे हे यमांचे काम आहे, आणि कुंपणावाचून नुसती राखण करणाऱ्याचा जन्म हाकलण्यातच जातो.

गावोगावच्या सभामंडपांत संध्याकाळी ध्यानाला बसणाऱ्यांकडे पाहिले तर हे सहज पटते. भाऊबंदकीत बोलणे टाकलेली माणसे तिथे एकाच ओळीत मांडीला मांडी लावून अर्धा तास बसतात, शेवटचा ओंकारही एका सुरात म्हणतात, आणि चपला घालताना मात्र एकमेकांकडे न पाहता दोन दिशांना निघून जातात. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. मांडी ज्यासाठी घालायची, ते त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

वास्तविक पतंजलींनी यासाठी अगदी संसारी माणसाला जमेल असा उपाय पहिल्याच पादात सांगून ठेवला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा, या चार भावना जोपासल्याने चित्त प्रसन्न होते, असे ३३ वे सूत्र आहे. यांतली करुणा आपल्या मुलखात कमी नाही. कोणाकडे मयत झाली, अपघात झाला, आग लागली की सारे गाव धावते. घोडे अडते ते पहिल्या आणि तिसऱ्या भावनेपाशी. ज्याने कापूस घरात राखून ठेवला आणि चढ्या दराने विकला, त्याच्याशी त्या आठवड्यात मैत्री राखून पाहावी. ज्याच्या मुलीचे नाव स्पर्धा परीक्षेच्या यादीत आले, त्याच्या दारी पेढे खाताना आपल्या पोरीचा विचार मनात न येऊ देता पाहावे. असा प्रयत्न महिनाभर केलेल्या माणसाला ध्यानात बसल्यावर काय फरक पडतो, ते वेगळे सांगावे लागत नाही. उपेक्षेविषयी मात्र एक खुलासा हवा. दुसऱ्याच्या दुर्गुणांवर आपले चित्त खर्च करू नये, चहाच्या टपरीवर त्यांची उजळणी करीत बसू नये, असा तिचा अर्थ आहे. अन्याय दिसला तरी तोंड फिरवावे असा नाही. ज्याने अहिंसा आणि सत्य यांना पहिल्या दोन यमांचा मान दिला, तो शास्त्रकार अन्यायाकडे पाठ फिरवायला सांगेल हे संभवत नाही.

या साऱ्याची खूण पटवणारी कथा खान्देशाच्या मातीतच आहे, आणि तिची आठवण आपल्याला यात्रेपुरतीच होते याचे मला वैषम्य वाटते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव गावी चांगदेवांचे जुने दगडी मंदिर उभे आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन शिष्यांच्या लवाजम्यासह आळंदीला निघालेले चांगदेव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला ते बसले, तर मायना काय लिहावा हेच त्यांना उमजेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत, तर अधिकाराने तो मोठा, आणि नमस्कार लिहावा, तर आपले चौदाशे वर्षांचे वय आड येते. अखेर कोराच कागद रवाना झाला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या की इतकी वर्षे जगूनही हा कोरा तो कोराच राहिला. कथेतला चमत्काराचा भाग ज्याला पटत नसेल त्याने तो बाजूला ठेवावा. आसन, प्राणायाम, समाधी या सगळ्यांत पारंगत असलेला योगी एका साध्या मायन्यापाशी अडला, कारण मी मोठा की तो मोठा हा प्रश्न इतक्या साधनेनंतरही त्याच्या चित्तातून गेलेला नव्हता, इतके जरी घेतले तरी कथेचे सार हाती लागते. सिद्धी या समाधीच्या मार्गातले विघ्न आहेत असे पतंजलींनी विभूतिपादात म्हटले आहे, त्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे त्याच चांगदेवांनी आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू केले, आणि त्यांच्या साधनेला खरा आरंभ तिथून झाला असे मानायला हरकत नाही.

त्या मुक्ताबाई वारकरी परंपरेप्रमाणे शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ मध्ये, याच तापीकाठच्या मेहूण परिसरात अंतर्धान पावल्या. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचे दार लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईंनी बाहेरून जी विनवणी केली ती ताटीच्या अभंगांतून आपल्याला मिळाली आहे. 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा' ही त्यातली ओळ कीर्तनांत आपण असंख्य वेळा ऐकतो. येथे योग्याची ओळख सांगताना मुक्ताबाईंनी ना आसनाचा उल्लेख केला, ना किती तास समाधी लागते याचा. मन पावन आहे की नाही हे लोकांचा अपराध सोसताना कळते, असा त्यांचा रोकडा निकष आहे. आणि त्यांनी तो कोणाला ऐकवला? दार बंद करून एकांतात बसलेल्या, अधिकाराने फार मोठ्या असलेल्या आपल्याच दादाला. दार उघडून लोकांत या, एवढी एकच त्यांची मागणी होती.

इतर परंपरांतही क्रम असाच आहे. आपल्या भागातून रेल्वेने इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरासाठी जाणारे पुष्कळ आहेत. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात शिकवलेल्या या पद्धतीत दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ पंचशील ग्रहण करून होतो, मौन पाळावे लागते, सुरुवातीचे साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे पाहण्यात जातात, आणि मग पुढची साधना सुरू होते. शील, समाधी, प्रज्ञा असा तो क्रम आहे. त्या मार्गात आत्मा मानलेला नाही, त्यामुळे आत्मसाक्षात्काराची भाषाही नाही; तरीही शीलावाचून समाधी उभी राहत नाही याविषयी दोहोंत मतभेद नाही. खान्देशातील जैन बांधवांच्या घरी अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, म्हणजे समभावाने बसण्याची साधना, होते. त्याच्या विधीतही येण्या-जाण्यात आपल्या पायांखाली आलेल्या जीवांबद्दल क्षमा मागितली जाते.

आता साक्षात्काराविषयी थोडे. शिबिरांतून परतलेली काही मंडळी मिटल्या डोळ्यांपुढे निळा प्रकाश दिसला, कानात नाद आला, अंग हलके झाले, असे सांगतात आणि त्यालाच आत्मदर्शन समजतात. हे अनुभव खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु जे दिसले ते दृश्य झाले. ते पाहणारा कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पतंजली योगाचे पर्यवसान सांगतात ते द्रष्ट्याचे आपल्या स्वरूपात स्थिर होणे, आणि चित्ताच्या नऊ विघ्नांत ते भ्रांतिदर्शनाची स्पष्ट नोंद करतात. केनोपनिषद तर याहून कठोर आहे: ज्याला वाटते आपल्याला कळले, त्याला कळलेले नसते. स्वतःच्या नावापुढे 'आत्मसाक्षात्कारी' अशी उपाधी छापून घेणाऱ्यांच्या नजरेतून हे वचन बहुधा निसटले असावे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषींनी पत्नी मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगितले तेव्हा श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा मार्ग दाखवला. निदिध्यासन म्हणजे जे ऐकले आणि विचाराने पटवून घेतले, त्याचेच सखोल ध्यान. ऐकलेच नाही आणि विचारही केला नाही, तर ध्यान कशाचे करणार? खान्देशात या श्रवण-मननाची मोठी परंपरा होऊन गेली आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तिथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्वान राहून अद्वैत वेदान्ताचा अभ्यास करीत, आणि साने गुरुजीही शाळेत शिक्षक होण्यापूर्वी काही काळ तिथे अध्ययनासाठी राहिले होते. आज त्याच अमळनेरच्या परिसरात ध्यानाच्या शिबिरांना गर्दी होते आणि तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला पहिल्या दोन रांगाही भरत नाहीत, याची खंत वाटते.

एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो शास्त्रचर्चेपेक्षा निकडीचा आहे. ध्यानाने मन शुद्ध होते म्हणजे मनाचे सर्व आजार बरे होतात, असा अर्थ काढून तीव्र नैराश्याच्या किंवा भास होण्याच्या विकारावरील गोळ्या परस्पर बंद करणारी कुटुंबे ग्रामीण भागात आहेत. मल, विक्षेप ही साधकाच्या चित्ताची भाषा आहे. मेंदूच्या आजाराचे निदान ती करीत नाही. विपश्यनेच्या प्रवेश अर्जातही मानसिक आजाराची माहिती आधी विचारलेली असते. तेव्हा अशा रुग्णाच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय औषधात बदल करू नये आणि दीर्घ मौनाच्या शिबिराला त्याला परस्पर पाठवू नये.

रोज बसणाऱ्या सामान्य माणसाला मात्र कशाचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ जागी, फार उंच नाही आणि फार सखल नाही अशा आसनावर, आत्मशुद्धीसाठी बसावे असे सांगितले आहे. फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सारखे जागणाऱ्याला योग साधत नाही, हेही तिथेच आहे. मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे ही अर्जुनाची तक्रार भगवंतांनी नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य यांनी ते आवरते, एवढेच उत्तर दिले. पतंजलींनी त्या अभ्यासाला दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक अशी तीन विशेषणे जोडली आहेत. तेव्हा सात दिवस, एकवीस दिवस या मुदती कोणी कुठून काढल्या, हे ज्यांनी त्या छापल्या त्यांनाच विचारायला हवे.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. ध्यान शिबिरांची जाहिरात घेताना शुल्क किती, शिकवणारे कोण आणि शिबिरानंतर साधकाची विचारपूस कोण करणार, या तीन गोष्टी जाहिरातीत असाव्यात असा आग्रह आपण धरावा. दुसरी विनंती अशी की महाशिवरात्रीला चांगदेव आणि मुक्ताईनगरला दिंड्या येतील, तेव्हा त्या कोऱ्या पत्राला निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी जे उत्तर लिहिले, त्या चांगदेव पासष्टीतील एक ओवी सोप्या अर्थासह आपण रोज छापावी. ओव्या पासष्टच आहेत, जागा बोटभर लागेल, आणि राशिभविष्याच्या शेजारी ती दिलीत तर बहुतेकांच्या नजरेखालून जाईल याची खात्री बाळगावी.

आपला नम्र,
रावेर तालुक्यातील एक वाचक